पांढरा धावदोरा

कारखान्यात तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत. त्यात थोडा मान होता आणि बरीच थट्टा. मान अशासाठी, की तीस वर्षं स्वतःचं शिवणाचं दुकान चालवून ती इथे आली होती. थट्टा अशासाठी, की अजून ती मिलिमीटरला जुमानत नसे, सगळं इंचात बोले, आणि कुणी चूक दाखवली की आधी त्याच्या मोजपट्टीकडे संशयाने बघे.

कारखाना दुसऱ्या ग्रहावर राहायला गेलेल्या माणसांचे आतले पोशाख शिवायचा. बाहेरचं कडक कवच दुसरीकडे कुठेतरी यंत्रांवर तयार होई. पण त्याच्या आत अंगाला चिकटून बसणारा कापडी पोशाख माणसाच्या हातानेच शिवावा लागे, कारण त्याच्यातून थंड पाण्याच्या बारीक नळ्या फिरवलेल्या असत आणि यंत्राची सुई नळी न् कापड यांत भेद करत नाही. नळी अंगाला टेकली नाही तर माणूस आत उकडून निघतो, आणि कापडाला घडी पडली तर कातडी सोलते. म्हणून माप चुकून चालत नसे. उंच खिडक्यांच्या त्या लांब दालनात चाळीस बायाबाप्ये सकाळपासून माना खाली घालून टाके घालत बसलेले असत.

जहाज दोन वर्षांतून एकदा सुटे आणि पोचायला सात महिने घेई. सुटायच्या आधी दोन महिने तिकडून बिनतारी संदेशाने मापांचे कागद येत. प्रत्येक कागदावर एक नंबर, बावन्न मापं आणि तळाशी शेऱ्याचा एक रकाना. तो रकाना कायम कोराच असे. नाव कधीच नसे, तो नियमच होता. पोशाख कुणाचा आहे हे शिवणाऱ्याला कळता कामा नये. कळलं, तर त्या शिवणाऱ्याला मापाच्या कामावरून काढून मागच्या खोलीत पिशव्या शिवायला बसवत. तपासनीस साहेबांचं म्हणणं असं, की माणूस डोळ्यांपुढे आला की टाका वाकडा जातो.

मास्तरीणबाईंच्या डोळ्यांपुढे माणूस पहिल्याच खेपेला आला होता, आणि टाका काही वाकडा गेला नव्हता. नंबर तीनशे सतरा. मान सव्वातेरा इंच, उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धा इंच खाली. तिने कागद खाली ठेवला होता, चष्मा पुसला होता आणि पुन्हा उचलून वाचला होता. तो खांदा तिच्या नवऱ्याचा होता. नवरा टपालवाला, लोकांना वाटे, पिशवी वाहून वाहून खांदा उतरला. पण लग्नात त्याचा कोट तिनेच शिवला होता, तेव्हा तो टपालात लागलाही नव्हता आणि खांदा तसाच होता. तोच खांदा मुलीने उचलला. मुलगी कपाटाएवढ्या दुकानात सुया-दोऱ्यांत वाढली, अंगाने इतकी बारीक की सगळे तिला टाचणीच म्हणत. टाचणीच्या प्रत्येक फ्रॉकच्या उजव्या खांद्यात आईने आतून कापडाची एक पट्टी घातलेली असे, म्हणजे शाळेत कुणी हसू नये.

टाचणी तिकडे गेली त्याला आता पाच वर्षं झाली होती. शेजारपाजारच्यांना सांगायचीही पंचाईत. ‘मुलगी वर असते’ म्हटलं की नवा माणूस हळहळून हात जोडायचा, मग त्याला समजावत बसा की बाई, जिवंत आहे, चांगली नोकरीला आहे. पण खरं सांगायचं तर मास्तरीणबाईंना स्वतःलाही त्यातला फरक हल्ली नीटसा सांगता आला नसता. तिकडून परत यायची सोय नव्हती. जाणारे कायमचे जात.

आणि ती गेली तेव्हा आई निरोप द्यायला गेली नव्हती. यादीत नाव लागल्याच्या दिवशी दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, कात्री हातात असताना ती बोलून गेली होती, “जायचं तर जा. पण मग मला आई म्हणून हाक मारू नकोस.” रागात माणूस काय वाटेल ते बोलतो. आयुष्यात आईचं एक अक्षर न ऐकणाऱ्या पोरीने नेमकं एवढंच ऐकलं. तिकडून दर महिन्याला पत्र येई ते बाबांच्या नावाने. बाबा ते मोठ्याने वाचत, म्हणजे आत भांडी घासणाऱ्या आईला आपसूक ऐकू जाई. आई भांडी फार हळू घासे. मग बाबा गेले. तिने तिकडे निरोप पाठवला: “बाबा गेले. त्रास झाला नाही.” उत्तर आलं: “कळलं. काळजी घ्या.” घ्या! जन्मभर आईला अगं-तुगं करणारी पोर! त्या एका शब्दाने ती जितकी रडली तितकी नवरा गेल्यावरही रडली नव्हती. त्यानंतर पत्र नाही. लिहायला ती स्वतःही चार वेळा बसली. ‘टाचणी’ एवढं लिहून झालं की पुढे हात चालेना. दोघी कापडाच्या एकाच ताग्यातल्या, एकीला दुसरीचा दोष काढायला जागा नव्हती.

राहता राहिला तो दोन वर्षांनी येणारा कागद. ठरलेले नंबर ठरलेल्या बाकावर येत, म्हणून तो दर खेपेला तिच्याकडेच येई. तो हाती आला की ती दिवसभर खूश असे. मनगट तेवढंच आहे, म्हणजे खाते-पिते. पाठ ताठ आहे. कुणीतरी परकं माणूस आपल्या मुलीच्या अंगाभोवती टेप धरतं आणि आपल्याला इथे आकडे येतात, याचं वाईट वाटे. पण आकडे तरी येत होते.

यंदाचा कागद आला तेव्हा सकाळची चहाची सुट्टी नुकतीच संपली होती. शेजारच्या बाकावरची हातमोजेवाली, जिला काम कमी आणि बोलणं फार, ती म्हणाली, “काय हो मास्तरीणबाई, लॉटरी लागल्यासारखं तोंड झालंय.”

“तुमच्या तोंडाला कुलूप लागलं तर लॉटरी,” मास्तरीणबाई म्हणाली, आणि कागद वाचायला लागली. वाचता वाचता तिचं बोट थांबलं.

कंबर पावणेचार इंचांनी वाढली होती. छाती दीड इंचाने. पण मान तेवढीच, दंड तेवढाच, मनगट उलट किंचित कमी. जाड होणारं माणूस सगळीकडून जाड होतं. आणि गळ्यापासून कमरेपर्यंतचं पुढचं माप मागच्यापेक्षा वाढलं होतं. तीस वर्षं बायकांचे कपडे शिवलेल्या बाईला यापेक्षा जास्त सांगावं लागत नाही. गल्लीतल्या कित्येक सासवांना कळायच्या आधी तिच्या टेपला कळलेलं होतं, आणि टेपने कधी चहाडी केली नव्हती. पाचवा महिना. फार तर साडेपाच.

ती उठून खिडकीशी गेली. बाहेर रस्त्यावर एक माणूस दुकानाची पाटी पुसत होता. त्याच्याकडे ती बराच वेळ बघत राहिली. आजी, आजी, असं ती मनात म्हणून बघत होती, जणू कुणी नवीन कापड हातावर घेऊन बघतं. पण ती शिवणारी होती आणि तिला पुढचंही दिसलं.

दोन महिन्यांनी जहाज सुटणार, सात महिन्यांनी पोचणार. तोवर मूल पाच महिन्यांचं झालेलं असेल आणि ही कंबर तिथे नसेल. या मापाचा पोशाख टाचणीच्या अंगावर पोत्यासारखा लोंबेल, एकही नळी टेकणार नाही. दोन वर्षं, पुढचं जहाज येईपर्यंत, तिला बाहेर पाऊल टाकता येणार नाही; आणि टाकलंच, हट्टी कार्टी आहे ती, तर आत भाजून निघेल. तिकडे मापं घेणारा माणूस नियमाचा पक्का असणार. त्या दिवशी अंग जसं असेल तसं लिहायचं. टाचणीने सांगितलंही असेल. पण चाळीस वर्षं फक्त मोठ्या माणसांची वस्ती चाललेली. पोटुशी बाई हा प्रकार त्यांच्या कुठल्या कागदात बसणार? आणि इकडे पोशाख कागदातल्या आकड्यापासून दोन मिलिमीटर हलला तरी तपासनीस साहेब तो परत फेकत.

कपड्याचं काय करायचं हे तिला ठाऊक होतं. टाचणी लहान असताना तिचे फ्रॉक ती असेच शिवायची. पक्की शिवण मोठ्या मापावर घालायची. मग आतल्या बाजूने जास्तीचं कापड दुमडून, लहान मापावर, पांढऱ्या दोऱ्याने लांब लांब टाके घालत धावदोरा मारायचा. एका फ्रॉकला असे तीन धागे. वाढदिवसाला एक धागा ओढायचा, की दुमड सुटते आणि फ्रॉक इंचभर मोठा होतो. धागा ओढायचा मान टाचणीचा. दुकानाच्या टेबलावर उभी राहून ती सर्रकन ओढायची आणि ओरडायची, “आई, फ्रॉक वाढला!” “फ्रॉक नाही गं, तू वाढलीस,” असं दरवर्षी सांगावं लागे.

तसंच इथे करायचं. पक्की शिवण कागदाबरहुकूम, आणि आतून पांढरा धावदोरा, बाळंतपणानंतरच्या अंगाच्या मापावर. ते माप कुठल्या कागदावर नव्हतं. मागच्या खेपेचे आकडे आणि तीस वर्षांचा अंदाज, एवढंच. तिने शिवायला घेतलं. बारा दिवस लागले. दुमड इतकी सपाट बसवली की हातमोजेवालीने बोट फिरवून पाहिलं आणि पहिल्यांदाच काही बोलली नाही.

तपासनीस साहेब उंच, कोरडा माणूस. हसताना कुणी पाहिलेला नव्हता, पण उगाच ओरडतानाही नाही. त्यांनी तीनशे सतराचा पोशाख काचेच्या टेबलावर पसरला, कमरेवर पट्टी ठेवली, कागद पाहिला, पुन्हा पट्टी ठेवली.

“मास्तरीणबाई, नऊ सेंटिमीटर कमी आहे.”

“हो.”

“हो काय? आणि हा पांढरा दोरा कसला? आपला दोरा करडा.”

“तो कच्चा आहे, साहेब. ओढला की निघतो. मग तुमच्या कागदाएवढा होईल, तंतोतंत. ओढून बघा, मी पुन्हा घालीन.”

साहेबांनी ओढला नाही. हात मागे बांधले. “का?”

“ती बाई पोटुशी आहे. पोशाख पोचेल तेव्हा मोकळी झालेली असेल.”

“कागदावर तसं लिहिलेलं नाही.”

“कागदावर लिहिलेलंच आहे. आकडे बघा ना.” तिने एकेक माप बोटाने दाखवलं. मान, दंड, पुढचं, मागचं. “मागच्या खेपेला कंबर पावणेसत्तावीस होती. मान हीच, सव्वातेरा. मनगट पावणेसहा.”

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं. साहेबांच्याही आलं.

“दर खेपेला चारशे कागद येतात,” ते सावकाश म्हणाले. “त्यातला एक, दोन वर्षांपूर्वीचा, तुम्हाला पाठ आहे?”

दालनात सुया थांबल्यासारखं तिला वाटलं. थांबल्या नव्हत्या, प्रत्येक जण आपल्या कामात होता. अजून वेळ होती. माझी नजर चांगली आहे, आकडे ध्यानात राहतात, असं काहीतरी म्हणता आलं असतं. मग साहेबांनी पोशाख उसवायला लावला असता, कारण कुण्या परक्या बाईच्या अंदाजावर ते नियम का मोडतील? आणि खरं सांगितलं तर कागद गेला. मनगट गेलं, पाठ गेली, दोन वर्षांनी येणारं ते एवढंसं सुख गेलं. मागच्या खोलीत पिशव्या.

“माझी मुलगी आहे,” ती म्हणाली. “मीच जन्माला घातलीय, म्हणून पाठ आहे. पोशाख जाऊ द्या, साहेब. मला कुठे बसवायचं तिथे बसवा.”

साहेबांनी भिंग काढून पांढरा धागा टाक्या-टाक्याने तपासला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. “वजन?”

“ग्रॅमसुद्धा नाही भरायचं.”

त्यांनी शिक्का मारला. मग, त्याच आवाजात, “उद्यापासून मागच्या खोलीत,” म्हणाले. नियम म्हणजे नियम. तिला राग आला नाही. दुसऱ्या दिवशी ती आपली कात्री घेऊन मागच्या खोलीत गेली.

मागच्या खोलीला खिडकी एकच होती. नळ्यांच्या पिशव्या सगळ्या एका मापाच्या, डोळे मिटून शिवाव्यात अशा. जहाज सुटलं ते तिला हातमोजेवालीकडून कळलं. मग ती महिने मोजायला लागली. दुसऱ्या महिन्यात, केव्हातरी, एका कुठल्यातरी दिवशी, आपली मुलगी कळा सोसत असेल आणि आपण पिशवीचं तोंड शिवत असू. नेमका कुठला दिवस हेही आपल्याला कळणार नाही. तेवढ्यासाठी तो सगळा महिना ती रोज धुतलेली साडी नेसून कामावर गेली. सातवा महिना उलटला. पोशाख पोचला असणार. टाचणीने धागा पाहिला असेल. नसेलही, आत पाहतं कोण? कदाचित कुणा दुसऱ्याने, हे कसलं बेशिस्त शिवण म्हणून, कात्रीने कापून टाकला असेल. निरोप आला नाही. आठवा गेला, नववा गेला, वर्ष गेलं. तिला मुलीची इतकी आठवण येई की कधी कधी सुई टोचल्यावर बरं वाटे, निदान डोळ्यांत पाणी यायला कारण मिळे.

पुढच्या खेपेची मापं आली त्या दुपारी ती दोऱ्याची रिळं लावत होती. दारात तपासनीस साहेब उभे राहिले. ते मागच्या खोलीत कधी येत नसत. त्यांच्या मागे मान लांब करून हातमोजेवालीही होती.

“एक कागद आलाय,” साहेब म्हणाले. “समजत नाही काय करावं. याला नंबर नाही. आणि माप बघा, छाती साडेअठ्ठेचाळीस सेंटिमीटर. एवढा माणूस असतो का?”

मास्तरीणबाई खुर्चीवर बसली. “असतो,” ती म्हणाली. “दीडपावणेदोन वर्षांचा असतो. माझा चष्मा तिकडे राहिलाय, तुम्हीच वाचा.” चष्मा तिच्या नाकावरच होता, पण त्यातून आता काही दिसत नव्हतं.

“लहान मुलांचा पोशाख आपल्या नियमात नाही. पुढच्या जहाजापर्यंत ते मूल वाढणार, मग हा पोशाख काय कामाचा, असं मी वर विचारणार होतो. पण शेऱ्याच्या रकान्यात लिहिलंय.” साहेबांनी कागद डोळ्यांसमोर धरला आणि मालाची यादी वाचतात त्या आवाजात वाचलं, “आई, आत कापड सोड आणि तीन धागे घाल. ओढायचा मान आता हिचा आहे. माझा मी अजून ओढलेला नाही.”

हातमोजेवालीने पदर तोंडाला लावला होता. मास्तरीणबाई रडत होती, अगदी उघड, रिळं मांडीवरून खाली गडगडत होती आणि ती उचलत नव्हती. सात वर्षांनी तिला कुणी आई म्हटलं होतं, आणि म्हटलं ते या उंच, कोरड्या माणसाच्या तोंडून. तिला ते बाळ कधी उचलून घेता येणार नव्हतं. त्याच्या डोक्याचा वास कसा आहे हे तिला कधी कळणार नव्हतं. धागा ओढल्यावर ते काय ओरडेल, तेही.

“हे शिवायला दुसरं कुणाला येत नाही,” साहेब खाकरून म्हणाले. “नंबर नाही, तेव्हा हा कुणाचा पोशाख आहे ते मलाही माहीत नाही आणि तुम्हालाही नाही. उद्या पुढच्या दालनात या.”

“उद्या कशाला? मापं वाचा,” ती म्हणाली, आणि खडू शोधायला लागली.

ते वाचत गेले, ती पिशवीच्या कापडावरच लिहीत गेली, इंचात. मान. दंड. मनगट, एवढंसं. मग साहेब अडखळले.

“खांदे मोजताना चूक झालेली दिसतेय. उजवा डाव्यापेक्षा चार मिलिमीटर खाली दिलाय. सरळ धरा.”

“चूक नाही ती,” मास्तरीणबाई म्हणाली. “चूक नाही, साहेब. आतून पट्टी घालावी लागेल.”